वाचकांचे प्रश्न : सहावीच्या वर्गातल्या नव्या बाई

या वेळच्या टपालात बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची पत्रे अधिक आहेत, आणि त्याचे कारण उघड आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार हा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला आणि शाळेतील प्रत्यक्ष अनुभवासाठी, म्हणजे आंतरवासितेसाठी, त्यात किमान २० आठवडे राखले गेले. त्यांतील ४ पहिल्या वर्षी, १६ दुसऱ्या वर्षी. मी बी.एड. केले तेव्हा सगळा अभ्यासक्रमच एका वर्षाचा होता. नेमलेले सराव पाठ घ्यायचे, शेऱ्यावर सही घ्यायची आणि पुढच्या पाठाचे टाचण लिहायला घरी जायचे, अशी आमची पाहुण्यासारखी ये-जा असे. १६ आठवडे पाहुणा म्हणून काढता येत नाहीत. त्यामुळे प्रश्नही वेगळे येत आहेत. पत्रलेखकांची आणि शाळांची नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : गणित आणि विज्ञान या अध्यापन पद्धती घेऊन मी बी.एड. करत आहे. आंतरवासितेसाठी मला तालुक्याच्या गावातील एका शाळेत सहावीचा वर्ग मिळाला आहे. मिश्र अपूर्णांकांच्या बेरजेकडे जाण्यापूर्वी मी भिन्नछेद अपूर्णांकांच्या बेरजेची उजळणी घेतली. रंगीत तक्ते केले होते, प्रस्तावनेचे प्रश्न चांगले जमले, मुलांनी हात वर केले आणि पाठ पाहायला आलेल्या प्राध्यापकांनी ‘उत्तम’ असा शेरा दिला. दुसऱ्या दिवशी ४३ वह्या तपासल्या, तर १९ वह्यांमध्ये १/२ + १/३ = २/५ असे लिहिलेले होते. मला रडूच आले. शिवाय वर्गशिक्षिका वर्गात नसल्या की गोंगाट इतका होतो की शेजारच्या वर्गातील सर दारात येऊन उभे राहतात. एका मुलीने तर विचारले, “तुम्ही खऱ्या बाई आहात का?” मी कुठे चुकते आहे?
— छात्राध्यापिका, सातारा जिल्हा

उत्तर : गोंगाटाकडे नंतर वळू. आधी त्या १९ वह्या घ्या.

१९ मुलांनी एकच चूक केली आहे, याचा अर्थ ती निष्काळजीपणातून झालेली नाही. निष्काळजीपणाच्या चुका नाना तऱ्हांच्या असतात. एखाद्याचा हातचा राहतो, एखादा तीनच्या जागी आठ वाचतो. इतक्या वह्यांत तेच उत्तर येते तेव्हा त्यामागे मुलांनी मनाशी धरलेला एक नियम असतो, आणि इथे तो स्पष्ट दिसतो : अंशात अंश मिळवा, छेदात छेद मिळवा. हा नियम त्यांना कोणी शिकवला, असे विचाराल तर थोडा आपलाही दोष कबूल करावा लागेल. एका चाचणीत १० पैकी ६ आणि दुसऱ्या चाचणीत २० पैकी ११ गुण मिळालेल्या मुलाच्या उत्तरपत्रिकेवर आपण ६/१०, ११/२० असे लिहितो, आणि शेवटी लाल शाईने १७/३० अशी बेरीज मांडतो. मुले वर्षानुवर्षे हे पाहत आली आहेत. गुणांपुरते ते बरोबरही आहे, कारण तिथे दर चाचणीगणिक एकूणच वाढत जाते आणि दहाचे तीस होतात. भाकरीचे तसे नाही. अर्धी भाकरी आणि एक तृतीयांश भाकरी यांची बेरीज करताना भाकरी तेवढीच राहते, हे तुमच्या सुंदर तक्त्यांत दाखवलेले असेलही, परंतु मुलांच्या डोक्यातल्या नियमाला त्या तक्त्याने हात लावला नाही.

म्हणून ते उत्तर पुसू नका. फळ्यावर मोठ्या अक्षरांत तसेच लिहा आणि कोणाचे आहे ते न सांगता एवढेच विचारा, “ताटात अर्धी भाकरी होती, आईने आणखी एक तुकडा वाढला, आता अर्ध्याहून जास्त झाली की कमी?” सगळा वर्ग ‘जास्त’ म्हणेल. मग पाच घरांची कागदी पट्टी हातात देऊन त्यातले अर्धे दाखवायला सांगा. अडीच घरे होतात. २/५ म्हणजे दोनच घरे. कोणीतरी “बाई, वाढून कमी कसं झालं?” असे विचारील, त्या क्षणी तुम्ही काहीही बोलू नका, पुढची दोन मिनिटे वर्गाला बोलू द्या. त्यानंतर सहा घरांची पट्टी द्या. अर्ध्याची तीन घरे आणि तिसऱ्या हिश्शाची दोन घरे मुले आपण होऊन रंगवतील आणि ५/६ हे उत्तर तुम्हाला सांगावे लागणार नाही. पट्टी सहाच घरांची का घ्यावी लागली, हा प्रश्न मात्र अवश्य विचारा, कारण समच्छेद करण्याचे सगळे मर्म त्यात आहे. हे आताच करून घ्या. अपूर्णांकांचा गुणाकार पुढे उभाच आहे, आणि तिथे अंशाला अंशाने व छेदाला छेदाने गुणायचे हा नियम खराच असल्यामुळे आजचा गैरसमज त्याच्या आधाराने पक्का होऊन बसतो.

तुम्हाला रडू आले हे समजू शकते, पण महाविद्यालयात तुमची तयारी कशी झाली तेही पाहा. सूक्ष्म अध्यापनाच्या सहा मिनिटांच्या पाठात आपलेच सहाध्यायी विद्यार्थी होऊन बसतात, आणि ते कधीही २/५ असे उत्तर देत नाहीत. टाचणातल्या ‘पूर्वज्ञानावर आधारित प्रश्न’ या रकान्यात आपण अपेक्षित उत्तरही आधीच लिहून ठेवतो. वर्गात हात वर करणाऱ्या सात-आठ मुलांकडून ते अपेक्षित उत्तर मिळाले की पाठ पुढे सरकतो, आणि मागे बसून निरीक्षण करणाऱ्याला पाठ रंगल्यासारखा वाटतो. प्राध्यापकांचा ‘उत्तम’ हा शेरा तुमच्या पाठाला होता. १९ वह्यांचा शेरा मुलांना काय आले याविषयी आहे. या दोहोंतले अंतर तुमच्या लक्षात आले ते दुसऱ्याच दिवशी, स्वतः वह्या घरी नेल्यामुळे. अनेकांना ते नोकरीची दहा वर्षे झाल्यावरही येत नाही.

आता गोंगाट. सहावी ते आठवीची मुले अकरा ते चौदा वर्षांची असतात. चौथीतल्या मुलाप्रमाणे ती बाईंच्या पदराला धरून चालत नाहीत आणि दहावीतल्याप्रमाणे परीक्षेच्या धाकाने गप्पही बसत नाहीत. नवीन माणूस आला की तो कुठवर ताणला जातो हे ती पाहतात. ‘तुम्ही खऱ्या बाई आहात का’ हा प्रश्न मला उद्धट वाटत नाही. त्या मुलीला एवढेच जाणून घ्यायचे आहे की तुम्ही टिकणार आहात की पुढच्या सोमवारी जाणार आहात. “मी दिवाळीपर्यंत आहे आणि तुमच्या वह्या मीच तपासणार आहे,” असे सरळ उत्तर द्या.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. बैठकीचा नकाशा काढून चार दिवसांत ४३ नावे पाठ करा. “ए, मागच्या बाकावरचा” म्हटल्याने कोणी गप्प बसत नाही, नाव घेतल्याने बसतो. तास सुरू होताच फळ्यावर एक उदाहरण लिहिलेले असू द्या, म्हणजे तुम्ही हजेरी घेताना हात रिकामे राहणार नाहीत. साहित्य वाटण्यापूर्वी सूचना द्या. कागदी पट्ट्या हातात पडल्यावर तुमचे कोणीही ऐकणार नाही. आणि गोंगाटावर आवाज चढवून ‘शांत बसा’ म्हणणे सोडून द्या, कारण त्यामुळे वर्गात आणखी एका आवाजाची भर पडते, इतकेच. शेजारच्या सरांना मात्र मधल्या सुट्टीत स्वतः जाऊन भेटा. ते दारात उभे राहतात ते कदाचित तुमच्या मदतीसाठीच.

प्रश्न : आठवीच्या वर्गावर जाताना तेथील एका ज्येष्ठ शिक्षकांनी माझ्या हातात छडी दिली आणि “याशिवाय ही पोरं ऐकत नाहीत, पुस्तकातलं मानसशास्त्र कॉलेजात ठेवा,” असे म्हणाले. त्यांचा मान राखून मी काय करावे?
— छात्राध्यापक, बीड जिल्हा

उत्तर : छडी घेऊ नका. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला मनाई आहे. तिचे उल्लंघन करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. तुम्ही तर अजून सेवेतही नाही. शिक्षकांच्या खोलीत कायदा वाचून दाखवण्याचीही गरज नाही. “सर, मला सवय नाही, माझ्या हातून भलतंच काही व्हायचं,” एवढे नम्रपणे म्हणून छडी टेबलावर ठेवता येते. त्यांचा एखादा तास मागे बसून पाहण्याची परवानगी मागा. मी पाहिलेल्या अशा शिक्षकांपैकी बऱ्याच जणांचा वर्ग छडीमुळे चालत नसे. त्यांना प्रत्येक मुलाचे घर, शेत आणि थोरला भाऊ माहीत असे, म्हणून तो चाले, आणि छडी उगाच श्रेय घेऊन जाई.

कलमातला दुसरा शब्द, मानसिक छळ, अधिक अवघड आहे. माझ्या सराव पाठाच्या दिवसांत, पाठ पाहायला प्राध्यापक आलेले असताना, पाढा न आलेल्या एका मुलाला मी बाकावर उभे केले आणि तास संपेपर्यंत त्याला खाली बसायला सांगायचे विसरले. मी त्याला हातही लावला नव्हता. त्या पाठाला चांगला शेरा मिळाला. त्यानंतर माझा तास सुरू झाला की तो मुलगा पाणी प्यायला जाई आणि घंटा झाल्यावरच परत येई. ‘ढ’ म्हणणे, नक्कल करणे, वडिलांच्या धंद्यावरून बोलणे, सर्वांसमोर गुण वाचून लाजवणे या गोष्टींना छडी लागत नाही, त्यामुळे त्या आपल्या हातून सहज होतात. या वयात त्या फार खोल लागतात.

प्रश्न : मुलींनी साडीच नेसावी, अशी आमच्या महाविद्यालयाची सक्ती आहे. दोन बस बदलून जावे लागते. हे योग्य आहे का?
— छात्राध्यापिका, पालघर जिल्हा

उत्तर : मला योग्य वाटत नाही. परंतु नियम महाविद्यालयाचा आहे. तेव्हा सर्वजणींनी मिळून प्राचार्यांना अर्ज द्या आणि त्यात बसचे वेळापत्रक जोडा. मुलांचे म्हणाल तर ती पहिल्या दिवशी साडी पाहतात आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही वह्या तपासल्या की नाहीत ते पाहतात.

प्रश्न : आमच्या शाळेत शिक्षक कमी आहेत. त्यामुळे रजेवर असलेल्या प्रत्येक शिक्षकाचा तास आमच्याकडे येतो. उरलेल्या वेळात ऑनलाइन माहिती भरणे, पोषण आहाराची नोंद ठेवणे आणि दाखल्यांचे कागद लावणे ही कामे असतात. माझे स्वतःचे चार पाठ यामुळे राहिले. तक्रार केली तर मुख्याध्यापक प्रमाणपत्रावर सही करणार नाहीत, अशी भीती वाटते.
— छात्राध्यापक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. शाळा समजून घेण्यासाठी हजेरीपट, पोषण आहाराची नोंदवही, आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी आणि दाखल-खारीज रजिस्टर हे सारे एकेकदा स्वतःच्या हाताने लिहून पाहणे आवश्यक आहे. उद्या नोकरीत कोणी शिकवायला बसणार नाही. परंतु तेच काम रोज तुमच्याकडे येत असेल, तर तुम्ही फुकटचे लिपिक झाला आहात, आणि हा आंतरवासितेचा हेतू नव्हे. नियमित शिक्षकांनाही जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामांना जुंपू नये, असे वर सांगितलेल्या कायद्याचे कलम २७ म्हणते. शाळा ते पाळू शकत नाही याचे कारण बहुधा रिक्त जागा हे असते, मुख्याध्यापकांचा दुष्टपणा नव्हे. म्हणून तक्रारीचा सूर लावू नका. कोणत्या तारखेला कोणता तास घेतला आणि कोणता पाठ राहिला, याची रोजची नोंद ठेवा, ती महाविद्यालयाच्या आंतरवासिता प्रमुखांना दाखवा आणि शाळेशी त्यांनाच बोलू द्या. ते काम त्यांचे आहे.

रजेवरच्या शिक्षकाच्या जागी घ्याव्या लागणाऱ्या ऑफ तासाला मात्र नाक मुरडू नका. तिथे टाचण नसते, निरीक्षक नसतो आणि मुलांचीही काही अपेक्षा नसते. वर्गाशी ओळख करून घेण्याची अशी संधी सोळा आठवड्यांत दुसरी नाही. मी अशा तासाला एकच प्रश्न फळ्यावर लिहीत असे : ‘आज शाळेत येताना तुम्ही काय मोजू शकला असता?’ विजेच्या खांबांपासून शेळीच्या करडांपर्यंत उत्तरे येत, आणि पुढच्या आठवड्याची उदाहरणे त्यांतूनच तयार होत.

प्रश्न : मी पुण्याची आहे. धुळे जिल्ह्यातील शाळेत सातवीला मराठी शिकवते. मुले आपसांत अहिराणी बोलतात आणि माझ्या तासाला गप्प बसतात. चुकीचे बोलली की मी लगेच शुद्ध रूप सांगते, पण त्यामुळे ती आणखी गप्प होतात.
— छात्राध्यापिका

उत्तर : उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. ‘शे’ म्हणणारे मूल ‘आहे’चा चुकीचा उच्चार करत नाही, ते दुसऱ्या बोलीतले बरोबर रूप वापरत आहे. महिनाभर शुद्ध रूपे सांगणे थांबवा. उताऱ्यातला प्रसंग आधी अहिराणीत सांगू द्या, जोडीजोडीने बोलू द्या, आणि मग तोच प्रसंग पाठ्यपुस्तकाच्या मराठीत सर्वांनी मिळून फळ्यावर लिहा. एकीकडे ‘घरचे’ आणि दुसरीकडे ‘पुस्तकातले’ असे दोन रकाने वर्गाच्या भिंतीवर लावले, तर आठवड्याभरात ते मुलेच भरतील. शिक्षणाचे माध्यम शक्य तितके मुलाच्या मातृभाषेचे असावे, असे वर सांगितलेल्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम २९ ही म्हणते. पण त्याआधी तुम्ही स्वतः वीस-पंचवीस अहिराणी शब्द शिका आणि ते चुकीचे बोला. बाईंची चूक दुरुस्त करायला मिळाल्यावर सातवीचा वर्ग गप्प बसल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

प्रश्न : मी बावीस वर्षे शिक्षक आहे. दरवर्षी माझ्याकडे तीन-चार छात्राध्यापक येतात. खरे सांगायचे तर ते गेल्यावर मला अर्धा अभ्यासक्रम पुन्हा शिकवावा लागतो. त्यांच्या टाचणवहीत मी ‘पाठ छान झाला, आवाज मोठा हवा, फलकलेखन सुधारावे’ असे शेरे लिहितो आणि तेच शेरे मला माझ्या वेळीही मिळाले होते. यापेक्षा उपयोगाचे काय लिहावे?
— एक मार्गदर्शक शिक्षक, सोलापूर जिल्हा

उत्तर : सर, असा प्रश्न मार्गदर्शक शिक्षकांकडून क्वचितच येतो. छात्राध्यापकाच्या आवाजाविषयी आणि अक्षराविषयी तुम्ही लिहिता, कारण निरीक्षणाच्या छापील तक्त्यात तेच रकाने असतात. एक तास ते सगळे बाजूला ठेवा आणि फक्त तीन मुलांकडे पाहा : एक नेहमी हात वर करणारे, एक मधले आणि एक खिडकीशी बसणारे. तासाच्या दहाव्या, विसाव्या आणि तिसाव्या मिनिटाला ती काय करत होती, तेवढेच वहीत लिहा. ‘विसाव्या मिनिटाला खिडकीजवळच्या मुलाने तुमचे उदाहरण जसेच्या तसे उतरवले, पण त्याखालचे सोडवले नाही’ हे वाक्य मिळालेला छात्राध्यापक दुसऱ्या दिवशी त्या मुलाजवळ जाऊन उभा राहील. ‘फलकलेखन सुधारावे’ वाचून तो फारतर रंगीत खडू आणील.

पुन्हा शिकवावे लागते, हे तुमचे गाऱ्हाणे खरे आहे. त्यावर उपाय एवढाच, की पहिल्या दोन आठवड्यांत त्याला संपूर्ण घटक देऊ नका. तुमच्या तासातली दहा मिनिटे द्या, कमी पडणाऱ्या पाच मुलांचा गट द्या, वह्यांचा एक गठ्ठा द्या आणि ‘कोणत्या चुका एकसारख्या आहेत ते सांगा’ असे म्हणा. महाविद्यालयाला पाठांची संख्या हवी असते, ती पुढच्या आठवड्यांत भरून निघते.

प्रश्न : माझी आंतरवासिता येत्या शनिवारी संपत आहे. मुलांनी निरोप समारंभ ठरवला आहे, काही मुली रडत आहेत आणि सर्वजण फोन नंबर मागत आहेत. द्यावा का?
— छात्राध्यापिका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : देऊ नका. मुलांनी पैसे जमवून भेटवस्तू आणली असेल तर तीही घेऊ नका, कारण ज्याला वर्गणी देता आली नाही तो मुलगा त्या दिवशी शाळेत येणार नाही. स्वतः केलेले भेटकार्ड असेल तर आनंदाने घ्या. मुलांना पत्र लिहायचे असेल तर शाळेच्या पत्त्यावर वर्गाला मिळून एक पत्र तुम्ही आधी पाठवा, उत्तरे येतील.

शुक्रवारपर्यंत एक काम उरका. वर्गशिक्षिकेसाठी दोन पानांचे टिपण तयार करा : कोणता घटक कुठे थांबला आहे, कोणाला अजून भागाकार जमत नाही, कोणाला फळ्यावरचे दिसत नसल्याचा संशय आहे, कोण सोमवारी हमखास गैरहजर असतो आणि का. तपासायला घरी नेलेल्या सगळ्या वह्या मोजून परत करा. माझ्याकडच्या एका विद्यार्थिनीच्या पिशवीत अशी एक वही राहून गेली होती, आणि सहामाही परीक्षेच्या आदल्या दिवशी तो मुलगा ती शोधत चार किलोमीटर सायकल मारून महाविद्यालयात आला होता.